माकडाचं पिल्लू बघायला जाताय? आधी आई बघायला शिका

कुठल्या तरी प्राणिसंग्रहालयात माकडीण व्याल्याची बातमी येते, मोबाईलवर फोटो फिरतो आणि आमच्या वर्गातली पोरं मागं लागतात, "बाई, कवा जायचं?" मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. अशा सहली बऱ्याच केल्या आणि त्यातली पहिली पुरती वाया घालवली. चाळीस पोरं, पिंजऱ्यापुढं चार मिनिटं, "कुठाय, कुठाय" असा गलका. आईनं पिल्लू पोटाशी ओढलं आणि आमच्याकडं पाठ केली. पोरांनी ती पाठ बघितली आणि आइस्क्रीमच्या गाड्याकडं पळाली.

गंमत म्हणजे हीच पोरं घरी मक्याच्या रानात वांदरं उतरली की गोफण घेऊन धावतात. शेंगा उपटून गेलेल्या टोळीला शिव्या देणारा बाप संग्रहालयात आला की खिशातलं केळं काढतो. आपल्याला ही जनावरं रोज दिसतात, म्हणून ती माहीत आहेत असं वाटतं. पिल्लू कसं वाढतं हे मात्र फार थोड्यांनी निवांत बसून बघितलेलं असतं. ते नीट कसं बघायचं, पोरांना कसं दाखवायचं आणि शेवटी, रानात एकटं पिल्लू सापडलंच तर काय करायचं, ते इथं सांगते.

आधी जात ओळखा

घरातून निघण्यापूर्वी पिल्लू कुणाचं आहे हे विचारून घ्या, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. काळ्या तोंडाचं, राखी अंगाचं, लांब शेपटीचं ते वानर, म्हणजे आमच्याकडचं वांदर. टोळीतला दांडगा नर तो हुप्प्या. तांबूस तोंडाचं, डोक्यावर मधोमध भांग पाडून केसांची टोपी घातल्यासारखं दिसणारं ते माकड. पुस्तकात त्याला टोपी माकड म्हणतात, घाट उतरून कोकणात गेलात की केलडं. उत्तरेकडं दिसणारं रीसस माकड वेगळं, त्याला ही टोपी नसते. आपल्या भागात कर्मचारी कानडीत बोलतील, तर वानराला मुस्या आणि माकडाला मंग हे शब्द कानावर असू द्या.

वानराचं पिल्लू जन्मतं तेव्हा अंग काळपट तपकिरी आणि तोंड, कान, तळवे फिके गुलाबी असतात. म्हणजे मोठ्यांच्या बरोबर उलटं. टोपी माकडाचं नवं पिल्लूही काळसरच, चेहरा मात्र फिकट आणि सुरकुतलेला, अगदी म्हाताऱ्या आजोबांसारखा. पोरं हमखास विचारतात, "बाई, हे दुसऱ्याच जातीचं हाय काय?" नाही. हा वेगळा रंग म्हणजे टोळीतल्या सगळ्यांना 'हे लहान आहे, सांभाळा' अशी खूण असावी, असं अभ्यासक मानतात.

म्हैसूरला किंवा चेन्नईला गेलात तर सिंहपुच्छ माकड बघा. काळं अंग, तोंडाभोवती करड्या केसांची आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा. हे फक्त पश्चिम घाटातलं जनावर, आणि संकटग्रस्त. आज त्याची उत्तरेकडची हद्द आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिरसी-होन्नावरच्या रानांत आहे. त्याच्या पिल्लाला आयाळ नसते, ती नंतर येते.

पोट किती दिवसांचं, हा प्रश्न पोरी विचारतात, पोरं नाही. टोपी माकडाचं साधारण साडेपाच महिने, वानराचं साडेसहा, सिंहपुच्छाचं सहाच्या आत. एका वेळी बहुतेक एकच पिल्लू, आणि जन्म बहुधा रात्री, म्हणून कर्मचाऱ्यालाही सकाळी दार उघडल्यावरच कळतं. दक्षिण अमेरिकेतली चिमुकली मार्मोसेट माकडं मात्र जुळी देतात आणि बाप ती पाठीवर घेऊन हिंडतो. हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात.

वार चुकवू नका

बेळगाववरून सगळ्यात जवळचं म्हणजे कोल्हापूरच्या रस्त्यावर भूतरामनहट्टीचं कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय. त्यापलीकडं गोव्यातलं बोंडला, पुण्याचं कात्रज, गदगजवळचं बिंकदकट्टी, हंपीजवळचं कमलापूर आणि रात्रभरच्या प्रवासानंतर 1892 पासून चालू असलेलं म्हैसूर. म्हैसूर मंगळवारी बंद, कात्रज बुधवारी, बोंडला गुरुवारी. आम्ही एकदा अशाच एका बंद फाटकापुढं डबे सोडून बसलो होतो, म्हणून सांगते. इतर ठिकाणचा वार फोन करून विचारा आणि त्याच फोनवर पिल्लू लोकांना बघायला ठेवलंय का तेही विचारा. पुष्कळदा पहिले काही आठवडे आई-पिल्लाला आतल्या खोलीत ठेवतात. तसं असेल तर सहल पुढं ढकला, हट्ट धरू नका.

वेळ सकाळची, फाटक उघडतानाची. गर्दी नसते, खाणं नुकतंच दिलेलं असतं. पण माझा अनुभव सांगायचा तर भर दुपारसुद्धा वाईट नाही. मोठी माकडं सावलीत एकमेकांच्या उवा-कोंडा काढत पेंगतात, आणि नेमकी तेव्हाच पिल्लं मोकळी सुटतात. बारा ते दोन बाकीचे पर्यटक जेवायला गेलेले असतात, तेव्हा तुम्ही दशम्या आधीच खाऊन घ्या.

बरोबर घ्यायचं सामान थोडं: वही, पेन्सिल, घड्याळ, पाणी, आणि कुणाकडं असेल तर दुर्बीण. आठ पट मोठं दाखवणारी पुरे, दहापटीची पोरांच्या हातात फार हलते. खाऊची पिशवी बसमध्येच ठेवा.

सहलीआधी एक तालीम जरूर करा. गोकाक धबधब्याजवळ किंवा चोर्ला घाटाच्या वळणांवर माकडं असतातच. हातात काही न घेता, पंधरा-वीस पावलं लांब, दहा मिनिटं गप्प बसायचं. आमच्या वर्गाला पहिल्या दिवशी तीन मिनिटंही जमलं नाही. चौथ्या खेपेला जमलं.

पिंजऱ्यापुढची पहिली दहा मिनिटं

या दहा मिनिटांत काहीही करायचं नाही. बोट दाखवायचं नाही, हाक मारायची नाही, "हुप्प" तर अजिबात नाही. माकडाच्या भाषेत एकटक रोखून बघणं ही धमकी असते, म्हणून नजर थोडी बाजूला ठेवायची, मध्येच खाली घ्यायची. नवीन आई आधी तुम्हाला जोखते. ती मान खाली घालून पुन्हा स्वतःच्या किंवा दुसरीच्या केसांत बोटं फिरवायला लागली, की समजा तुम्हाला परवानगी मिळाली.

आता पिल्लू शोधू नका, आई शोधा. एक हात पोटापाशी दुमडून बसलेली, तीन पायांवर चालणारी, उडी मारण्याआधी पोटाला हात लावणारी जी दिसेल ती. तिच्या काखेतून एक इवली मूठ केस धरून दिसेल. ही पकड जन्मतःच असते. आई फांदीवरून फांदीवर गेली तरी पिल्लू स्वतः धरून राहतं, आई फक्त आधार देते. पोरांना ती मूठ दाखवा. पाचही बोटं, नखांसकट, आपल्यासारखीच. माझ्या वर्गातली एक मुलगी घरी तान्हा भाऊ असलेली होती. ती म्हणाली, "आमचं बाळ माझी बट अशीच धरतंय, सोडतच नाही." त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

चेहऱ्याच्या दोन खुणा आधीच शिकवून ठेवा. ओठ भराभर हलवून चपचप केलं तर ते सलोख्याचं, 'मी काही करत नाही' असं सांगणं. दात विचकले तर ते हसणं नव्हे, ती बहुतेक वेळा भीती. "बाई, हसलं बघा!" म्हणून जोरात टाळ्या वाजवणारा दरवेळी कुणीतरी निघतोच.

वय कसं ओळखायचं

पाटीवर जन्मतारीख असेल तर उत्तम. नसेल तर अंदाज बांधता येतो. पहिल्या आठवड्यात डोळे उघडे असतात, पण मान डुगडुगते, पिल्लू सतत पोटाशी आणि बहुतेक वेळ झोपेत. नीट बघितलं तर वाळत चाललेल्या नाळेचं टोकही दिसतं. दोन ते चार आठवड्यांत ते आईच्या मांडीवरून खाली पाय टाकायला बघतं, आणि तेव्हाच सगळ्यात मजेशीर दृश्य दिसतं. ते दोन पावलं टाकतं, आई त्याच्याकडं न बघता शेपूट धरून ठेवते. ते जोर लावतं, जागच्या जागी पाय मारतं. ती तशीच दुसरीकडं बघत बसलेली, आणि कंटाळा आला की शेपटीनं ओढून परत मांडीत. बाजारात पोराचा सदरा धरून भाव करणारी बाई आठवते मला.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बरोबरीच्या पिल्लांशी झोंबाझोंबी सुरू होते आणि आईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ती काय खाते याचा वास घेणं चालू होतं. टोपी माकडाचा काळा रंग याच सुमारास विरतो. वानराचं पिल्लू तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात हळूहळू राखी होत जातं. मधल्या काळात ते ठिगळ लावल्यासारखं दिसतं, त्याला खरूज झालेली नसते.

पुढं अंगावरचं दूध तोडायची वेळ येते, टोपी माकडात सहा-सात महिन्यांपासून, वानरात त्याहून बरीच उशिरा. आई हातानं ढकलते, पाठ फिरवते, कधी हलकंसं चावतेसुद्धा. पिल्लू जमिनीवर लोळून किंचाळतं. गर्दीतला कुणीतरी "काय कसाई आई आहे" म्हणतो. त्याला घरी आपल्या आईला विचारायला सांगा, कडुलिंब लावला होता की मिरची.

चिंपांझी आणि ओरांगउटान यांची गोष्ट निराळी. त्यांना शेपूट नसते, ती माकडं नव्हेतच, कपी. चिंपांझीचं पिल्लू चार-पाच वर्षं अंगावर पितं, ओरांगउटानचं त्याहूनही जास्त. ते बघायचं राहिलं म्हणून हळहळू नका, पुढच्या वर्षी गेलात तरी ते आईलाच चिकटलेलं असेल.

मावश्या

वानरांचं पिल्लू असेल तर इथं जास्त वेळ थांबा, कारण हे टोपी माकडात असं दिसत नाही. जन्मल्यापासून काही तासांतच टोळीतल्या दुसऱ्या माद्या पिल्लू मागायला लागतात. मागणं म्हणजे जवळ बसायचं, आईचे केस साफ करायचे आणि करता करता पिल्लाला हळूच आपल्याकडं ओढायचं. आई सोडते. मग ते हिच्याकडून तिच्याकडं फिरतं. अजून पिल्लं न झालेल्या तरण्या माद्यांची तर झुंबड उडते, आणि त्यांना धरता येत नाही! उलटं धरतात, एका हातानं ओढतात, पिल्लू चिरकतं आणि मग आई उठून ओढून घेते. पिंजऱ्याबाहेरच्या माणसांना वाटतं पिल्लू पळवलं. पळवलेलं नसतं. त्या पोरी आई व्हायला शिकत असतात आणि तेवढ्या वेळात आईला चार घास सुखानं खायला मिळतात. टोपी माकडाची आई इतकी मोकळी नसते, सुरुवातीला ती पिल्लू स्वतःजवळच ठेवते.

हुप्प्या या सगळ्यापासून जरा लांब बसलेला दिसेल. इथं आपल्या शेजारची एक गोष्ट पोरांना, निदान मोठ्या पोरांना, सांगण्यासारखी आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी अभ्यासक धारवाडच्या रानात वानरांच्या टोळ्या बघत होते. बाहेरच्या नरांनी टोळीवर हल्ला करून जुन्या हुप्प्याला हाकललं आणि नव्यानं टोळीतली तान्ही पिल्लं मारली, हे त्यांनी नोंदवलं. जगभरच्या प्राणिशास्त्रात या निरीक्षणावर पुढं कित्येक वर्षं वाद झाला. पिल्लू गेलं की मादी लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्या नराचा वंश सुरू होतो, हा त्यातला पुढं बराच मान्य झालेला अर्थ. बेळगावहून दीड तासावर ही गोष्ट घडली, आणि आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात मला ती भेटली नाही. पिल्लं असलेल्या माद्यांत नवा नर सोडताना संग्रहालयं का घाई करत नाहीत, तेही यातूनच कळतं.

वही

नुसतं बघून घरी आल्यावर पोरं "पिल्लू लई भारी होतं" एवढंच लिहितात. त्यावर मी एक साधा तोडगा काढला. दोघादोघांची जोडी. एकानं घड्याळ बघायचं, दुसऱ्यानं पिल्लू. दर दोन मिनिटांनी घड्याळवाला "आता" म्हणेल, त्या क्षणी पिल्लू कुठं आहे एवढंच एका अक्षरात लिहायचं. पोटाशी असेल तर 'पो', आईपासून हाताच्या अंतरात असेल तर 'ह', त्यापलीकडं गेलं तर 'दू', दुसरीच्या कुशीत असेल तर 'मा' म्हणजे मावशी, आणि दिसतच नसेल तर फुली. मधल्या वेळात काही विशेष घडलं तर समासात. वीस मिनिटांत दहा अक्षरं होतात.

पाचवीतल्या एका जोडीचं पान माझ्याकडं अजून आहे. वानराचं पिल्लू, पाटीवर वय चोवीस दिवस. पो, पो, मा, मा, मा, पो, फुली, पो, ह, पो. तिसऱ्या 'मा' समोर समासात लिहिलंय, 'उलटं धरलं, बोंबललं', आणि 'ह' समोर, 'शेपूट धरून ठेवलंय आईनं'. एवढ्या दहा अक्षरांत त्या पिल्लाचा सगळा दिवस आला. महिना-दीड महिन्यानं पुन्हा गेलात तर 'पो' कमी होऊन 'दू' वाढलेले दिसतात. पोरं ते स्वतः मोजतात, स्तंभालेख काढतात, आणि गणिताचा तास सोडून पहिल्यांदाच कुणी आनंदानं टक्केवारी काढलेली मी तिथं बघितली.

दोन चुका टाळा. पिल्लू काहीतरी मजेशीर करायला लागलं म्हणून दोन मिनिटं व्हायच्या आधी लिहायचं नाही. आणि एकाच वेळी दोन पिल्लं बघायची नाहीत.

काळजीचं काय, बिनकाळजीचं काय

पिल्लाला ओढणं, शेपूट धरणं, दूध नाकारणं, मावश्यांची ओढाताण, हे सगळं रोजचं. पहिलटकरीण असेल तर पहिले एक-दोन दिवस पिल्लू तिरकं धरलेलं दिसतं, पुढं तिला जमतं.

कर्मचाऱ्याला सांगावं अशा गोष्टी वेगळ्या. पिल्लू जमिनीवर पडलंय आणि आई बऱ्याच वेळात फिरकलेली नाही. पकड सुटतेय, हात लोंबकळतायत. सतत चिरकतंय पण आईच्या छातीपर्यंत पोचतच नाही. नाकातून पाणी, जखम, आईचं खाणं बंद. अशा वेळी काच वाजवू नका, व्हिडिओ टाकून बोभाटा करू नका. जवळच्या राखणदाराला गाठून कुठला पिंजरा, काय बघितलं, किती वाजता, एवढं सांगा. वही असेल तर तीच दाखवा. कानडी येत नसलं तरी दोन वाक्यं पाठ ठेवा: "मरी यावाग हुट्टैत्री?" म्हणजे पिल्लू कधी जन्मलं, आणि "हालु कुडीतैतेन्री?" म्हणजे दूध पितंय का. मोडक्या कानडीतही "री" लावायला विसरू नका, त्या एका अक्षरानं माणूस हसून दहा मिनिटं बोलतो. रोज सकाळी त्या आईला खाणं देणाऱ्या माणसाइतकं तिच्याबद्दल कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

आणखी एक प्रसंग, जो आधी माहीत नसला तर पोरं हादरतात. पिल्लू मेलं तरी आई ते कित्येक दिवस बाळगते. चोर्ल्याच्या रस्त्यावर मी एकदा बघितलं होतं. वाळून चामडं झालेलं, तरी ती एका हातात घेऊन फिरत होती, खाली ठेवून पाला खायची आणि परत उचलायची. बसमधल्या पोरांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. संग्रहालयात असं दिसलं तर "काढून घ्या की ते" म्हणून कर्मचाऱ्यांवर ओरडू नका, जबरदस्तीनं ओढलं तर आई आणि माणूस दोघांनाही इजा होते. ती सोडते तेव्हाच उचलतात.

खाऊ, खोकला, फोटो

वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 38-जे प्रमाणे प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला छेडणं, इजा करणं, खायला घालणं, आवाजानं त्रास देणं आणि तिथं कचरा टाकणं, सगळ्याला मनाई आहे. पण पोरांना कलमापेक्षा कारण पटतं. वानराचं पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं, त्यातले जंतू पाला आंबवून पचवतात. तिथं बिस्किट किंवा गोड गेलं की भलतंच आंबतं, पोट फुगतं. टोपी माकडाला पोटात कप्पे नसतात, गालात पिशव्या असतात. ते पटकन भरून घेतं आणि सावकाश खातं, म्हणून त्याला कितीही दिलं तरी भुकेलंच वाटतं. आणि अंगावर पाजणारी आई आजारी पडली की दोन जीव आजारी पडतात.

खोकला, ताप, गोवर असलेल्या मुलाला घरी ठेवा. आपला क्षयरोग, आपला फ्लू माकडांना होतो. आई-बापांशी माझं सगळ्यात जास्त भांडण याच मुद्द्यावर होतं, कारण पैसे भरलेले असतात.

फोटोला फ्लॅश बंद. काच असेल तर मोबाईल काचेला टेकवून धरा आणि भोवती काळी ओढणी गुंडाळा, मागचं प्रतिबिंब जातं. सेल्फीचा नाद सोडा, पिल्लू मागं ठिपक्याएवढं येतं.

पिल्लू आवडलं तर दत्तक घेता येतं. कर्नाटक प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या संग्रहालयांत तशी योजना आहे. जातीप्रमाणे रक्कम ठरलेली असते, ती खाण्या-औषधाला जाते. पोरांना आधीच स्पष्ट सांगा की दत्तक म्हणजे घरी न्यायचं नाही. आमच्याकडं एकानं गोठ्यात जागा करून ठेवली होती.

आणि रानात एकटं पिल्लू सापडलं तर

ही सगळी सहल करून आल्यावर दोनच महिन्यांत एका पोरानं टॉवेलात गुंडाळलेलं वानराचं पिल्लू शाळेत आणलं होतं. म्हणून हा भाग.

पहिली गोष्ट, उचलू नका. लांब जा, कुत्री हाकला आणि तास-दोन तास लपून बघा. टोळी जवळपास असेल तर आई किंवा एखादी मावशी उतरून घेऊन जाते, तुम्ही जवळ असाल तर ती उतरत नाही. तेवढ्यात वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, हा क्रमांक घाटाच्या पलीकडं महाराष्ट्रातही चालतो.

आई विजेच्या तारेला लागून पडली असेल तर जवळही जाऊ नका. आधी वीज कंपनीला, म्हणजे हेस्कॉमला, 1912 वर कळवा आणि वीज बंद झाल्याचं त्यांच्याकडून कळेपर्यंत थांबा.

मेलेल्या माकडाला हात न लावण्याचं आणखी मोठं कारण आहे. माकडताप, कानडीत मंगन कायिले. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात 1957 मध्ये हा रोग ओळखला गेला, आणि अलीकडं खानापूरला लागून असलेल्या सत्तरी आणि दोडामार्ग तालुक्यांतही माणसं त्यानं दगावली. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड आसपास पसरतात, आणि ते चावले की माणसाला रोग होतो. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, म्हणजे नेमका काजूचा आणि पिल्लांचा. मेलेलं माकड दिसलं तर वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा. त्या जागी गेला असाल तर घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंग घासून धुवा, काखा आणि जांघा तपासा. आठवडाभरात एकदम जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आपण होऊन सांगा.

आई नाही, टोळी गेली, अंधार पडतोय आणि वनखात्याची माणसं वाटेत आहेत, अशा वेळीच पिल्लू उचलायचं. जाड गोणपाट किंवा टॉवेल टाकून, उघड्या हातानं नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून आत मऊ टॉवेलाची गुंडाळी ठेवा, ते लगेच तिला मिठी मारेल. 1950 च्या दशकात अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी रीससच्या पिल्लांपुढं दोन खोट्या आया ठेवल्या होत्या, एक तारेची दुधाची बाटली लावलेली, दुसरी कापडाची. पिल्लं दूध प्यायला तारेकडं जात आणि बाकी सगळा वेळ कापडाला चिकटून राहत. तो प्रयोग पिल्लांच्या दृष्टीनं क्रूरच होता, पण खोक्यात टॉवेल का हवा ते त्यातून कळतं.

खोकं उबेला ठेवा, गारठा भुकेपेक्षा लवकर मारतो. गाईचं दूध चमच्यानं ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. काय पाजायचं ते पशुवैद्य सांगतील. अंघोळ नाही, खेळवणं नाही, शेजाऱ्यांना दाखवणं नाही. चावलं किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा, "पिल्लूच तर आहे" म्हणून थांबू नका. घरी पाळायचा विचार मनात आला तर तो गुन्हा आहे हेही लक्षात असू द्या.

शाळेत आलेल्या त्या पिल्लाचं असं झालं की वनरक्षक येईपर्यंत आम्ही त्याला ऑफिसातल्या खोक्यात ठेवलं आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी ते ज्या आंब्याखाली सापडलं होतं तिथंच खोकं उघडून सगळे लांब बसलो. टोळी वर होती. आधी एक तरणी मादी उतरली, अर्ध्यात थांबून परत गेली. मग दुसरी उतरली, तिनं पिल्लाला उचलून थेट पोटाशी धरलं. वनरक्षक हळूच कानडीत म्हणाला, "तायी." म्हणजे आई. माझ्या शेजारी बसलेल्या पोरानं वही काढली, घड्याळ बघितलं आणि लिहिलं, 5:52, पो.